कोण कोण बसणार?

माणसाने चुकावं, पण चुकायला काही मर्यादा? दुसऱ्याच्या घराच्या मागे शिरून, कुणाला न विचारता जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढून, चार कोपऱ्यांत बांबू रोवून, वर दोन चादरी ताणून, खाली स्टूल टाकून त्यावर ऐटीत बसेपर्यंत चुकावं?

धाकटीने नेमकं तेवढंच केलं होतं.

तिला धाकटी म्हणत ते गवंडी-सुतार. तिची आत्या म्हणजे थोरल्या बाई, घरांचे आराखडे करण्यात मुरलेली. आणि तिच्या हाताखाली शिकणारी भाची म्हणजे धाकट्या बाई. आता झालं असं, की ती वसाहत अगदी नवीकोरी होती. एकाच साच्यातून काढलेल्या चार-चार घरांच्या रांगा, सगळ्यांना तोच पिवळा रंग, पाट्या अजून कुणीच लावलेल्या नव्हत्या. फोनवर गिऱ्हाईक म्हणालं होतं, ‘उजवीकडून दुसरं घर.’ ते बरोबरच होतं, पण रस्त्यावरून बघताना. धाकटी आली मागच्या बोळातून. तिथून उजवं ते डावं होतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आणि म्हणे ही लोकांची घरं आखणार!

मागचं दार उघडलं. आतून एक तरुण आला. खांद्यावर टॉवेल, अंगात बनियन, तोंडात ब्रश आणि तोंडभर फेस. तो चादरींकडे बघत राहिला. मग बांबूंकडे. मग तिच्याकडे.

“गुड मॉर्निंग!” धाकटी उभी राहिली. “काका उठले का? पडवीचं बघायला आलेय. बघा ना, सावली कशी छान पडलीय!”

तो कोपऱ्यातल्या नळाशी गेला, चूळ भरली, परत आला.

“कसली पडवी?”

“मागची. छताची. काल फोनवर ठरलं ना...”

“माझ्याशी?”

“नाही, काकांशी. बँकेतून रिटायर झालेल्या.”

“अच्छा, ते,” तो म्हणाला आणि त्याने हळूच मान वळवली. “ते काका शेजारी राहतात. हे काय, भिंतीवरून बघतायत.”

खरंच. कमरेएवढ्या भिंतीपलीकडे एक काका हातात चहाचा कप घेऊन उभे होते. नाटकाला पुढची खुर्ची मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा खुलला होता.

“मी सांगणार होतो हो,” काका म्हणाले. “पण तुम्ही इतकं मन लावून काम करत होतात, की मोडवेना.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं धाकटीला झालं. कानाच्या पाळ्या तापल्या. काहीतरी करायचं म्हणून तिने चपलेने रेघ पुसायला घेतली, तर फक्की आणखीच पसरली. मग तिने घाईघाईने बांबू उपटला आणि वरची चादर धप्पकन तिच्याच अंगावर आली. चादरीतून ती बाहेर पडली तेव्हा चष्म्याची एक काडी हातात होती आणि उरलेला चष्मा जमिनीवर.

“अहो, हलू नका. पाय पडेल.” तो वाकला, चष्मा उचलला, डोळ्यांजवळ धरून बघितला. “हे... दोऱ्याने बांधलं होतं?”

“तात्पुरतं.”

“कधीपासून तात्पुरतं?”

“...थंडीपासून.”

तो हसला नाही. हसला असता तर परवडलं असतं. “थांबा हं,” म्हणून आत गेला आणि काडीपेटीएवढी डबी घेऊन आला. तिला तो दिसत होता म्हणजे नुसता एक पांढरा ठिपका, त्याला हात फुटलेले. बाकी सगळं धूसर. तो बारीक पेचकसाने काहीतरी फिरवत म्हणाला, “चष्म्यांचं दुकान आहे माझं. असं दोऱ्याचं काम बघितलं, की माझ्या पोटात कालवतं.”

“माझ्याही, बांधताना,” ती पुटपुटली.

त्याने चष्मा पुसून तिच्या हातात ठेवला. तिने तो लावला आणि त्याचा चेहरा पहिल्यांदा नीट समोर आला. मिस्कील, पण सौम्य डोळे. विस्कटलेले केस. आणि...

“तुमच्या हनुवटीला... फेस राहिलाय.”

आता लाजायची पाळी त्याची होती. त्याने टॉवेलने हनुवटी इतकी घासली, की ती लालच झाली. काकांनी पलीकडून समाधानाने चहाचा घोट घेतला.

धाकटी सामान गोळा करू लागली, तेव्हा तो म्हणाला, “रेघा राहू द्या.”

“का? मी पुसते ना.”

“सावली खरंच बरी पडली होती हो. मलाही पडवी हवी होती बहुतेक. फक्त... तुम्ही येईपर्यंत मला ते माहीत नव्हतं.”

आता सांगा, अशा बोलण्यावर माणसाने काय करावं? धाकटीने बांबू काखेला मारले आणि यावेळी समोरच्या फाटकातून बाहेर पडली.

आत्याला हसून हसून ठसका लागला. पण काम म्हटल्यावर तिने मान्य केलं. “काकांची पडवी मी करते,” ती म्हणाली. “ही तुझी. पहिली अख्खी तुझी. मी मध्ये पडणार नाही, शेवटी फक्त बघायला येईन. आपली रीत विसरू नकोस म्हणजे झालं.”

ती रीत अशी. कागदावरच्या चित्रांना लोक माना डोलावतात आणि बांधून झाल्यावर कपाळावर हात मारतात. म्हणून आत्या जागेवरच खऱ्या मापाची फक्की मारायची, बांबू-चादरींचं खोटं छत उभारायची, विटा नुसत्या रचून पायऱ्या दाखवायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, बसा आता इथे. आणि त्याच्याही आधी, फक्कीच्या पिशवीला हात लावायच्या आधी, एक प्रश्न. कोण कोण बसणार? म्हातारं कोण, लहान कोण, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला उन्हात बसायला आवडतं. “हे विचारलं नाहीस,” आत्या म्हणायची, “तर तू छप्पर बांधशील, बसायची जागा नाही.”

धाकटीला हे झोपेतही पाठ होतं. आणि तिने हाच एक प्रश्न विचारला नाही.

म्हणजे पहिल्या भेटीत विचारणारच होती. पेन काढलं, तोंड उघडलं आणि दोरीवर वाळत घातलेली शाल दिसली. जांभळी, किनारीला फुलं. नंतर स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोरीत दोन कप दिसले. आतल्या खोलीत रेडिओ चालू होता आणि तो इथे, तिच्यासमोर उभा. म्हणजे आत कुणीतरी होतं. कुणीतरी, जिला जांभळी शाल शोभते. धाकटीने पेन मिटलं आणि म्हणाली, “ऊन कोणत्या बाजूने येतं?”

पुढच्या भेटीत विचारू, असं तिने ठरवलं. पुढच्या भेटीत त्याने विचारलं, “खांब लाकडी की लोखंडी?” आणि ते बोलणं इतकं लांबलं, की चहा दोनदा झाला. मग त्याच्या पुढच्या भेटीत... जाऊ दे. खरं सांगायचं तर तिला उत्तर नकोच होतं. विचारलं की उत्तर मिळणार, आणि उत्तर मिळालं की उरणार नुसती पडवी. ते तिला सोसवलं नसतं. मनातून तिला याची लाजही वाटायची. कामाला येतेस की मिरवायला? पण लाज वाटते म्हणून माणूस थांबतो थोडाच!

“विचारलंस ना, कोण कोण बसणार?” आत्याने एकदा सहज म्हटलं.

“हो,” धाकटी म्हणाली. मान वर न करता. “दोघं.”

झालं. खोटं बोलायला फार वेळ लागत नाही.

एका दुपारी ती मापं घेत असताना पावसाची सर आली. बिनमोसमी, फटकन. दोघं चादरीखाली धावली. चादर ती किती थोपवणार? मध्यभागी पाण्याचं पोट सुटलं आणि ते दोघांच्या डोक्यांच्या मध्ये लोंबू लागलं.

“हे तुमचं छत?” तो म्हणाला.

“हे नमुना आहे. खरं पत्र्याचं येणार. उताराचं.”

“मग बरं. नाहीतर मला छत्री घेऊन पडवीत बसावं लागलं असतं.” त्याने केरसुणीचा दांडा घेऊन पाण्याच्या पोटाला वर ढकललं आणि सगळं पाणी भसकन धाकटीच्या पाठीवर.

“अहो!”

“सॉरी, सॉरी! नेम तिकडे होता हो...”

ती भिजलेली, तो गोरामोरा, आणि मग दोघांनाही हसू आवरेना. हसणं ओसरलं तशी नुसती पावसाची टपटप उरली. तिच्या चष्म्यावर थेंब होते. त्याने खिशातून मऊ फडकं काढून पुढे केलं.

“तुमचा लांबचा नंबर आहे,” तो म्हणाला. “म्हणजे जवळचं व्यवस्थित दिसत असणार.”

“दिसतं ना.”

“मग जवळ बघत का नाही?”

तिने बघितलं. एवढंसं. तेवढ्यात आत काहीतरी धाडकन पडलं. कुणीतरी खोकलं. त्याचा चेहराच बदलला. “आलोच,” म्हणून तो धावला आणि जाताना त्याने दार आतून ओढून घेतलं. नेहमी घ्यायचा तसं.

धाकटी भिजत उभी राहिली. आपण काय करतोय इथे, हा प्रश्न तिला इतका टोचला, की सर थांबायची वाट न बघता ती निघाली. पण घरी जाऊन तिने आखायला घेतली ती पडवी मात्र देखणी झाली. दारातून दोन पायऱ्या खाली उतरायचं, म्हणजे जमिनीच्या जवळ, झाडांच्या जवळ. कडेला बसता येईल अशी बुटकी भिंत. वेलासाठी एक खांब. आणि शेजारी शेजारी दोन वेताच्या खुर्च्या. फक्त दोन. त्यातल्या एकीवर कोण बसलंय, हे तिने स्वतःलाही मोठ्याने सांगितलं नाही.

आत्या बघायला आली त्या दिवशी धाकटीने सगळं जागेवर मांडून ठेवलं होतं. स्वच्छ चादरी, रचलेल्या विटांच्या पायऱ्या, उसन्या आणलेल्या दोन खुर्च्या. चष्मेवाला दुकान बंद ठेवून थांबला होता. आत्या पायऱ्या उतरली, चढली, पुन्हा उतरली. खुर्चीत बसली. मान मागे टाकून चादरीकडे बघत राहिली.

“छान आहे गं,” ती म्हणाली, आणि धाकटीचा जीव भांड्यात पडला. आत्याच्या तोंडून ‘छान’ म्हणजे काय, ते गवंड्यांना विचारा. “जागेला माया आहे.” मग ती चष्मेवाल्याकडे वळली. अगदी सहज. “तर मग, कोण कोण बसणार इथे?”

चष्मेवाल्याने धाकटीकडे बघितलं. धाकटीने विटांकडे.

“म्हणजे... मी,” तो म्हणाला. “आणि...”

दाराची कडी वाजली. दार आतून उघडलं, अडखळत, कारण ते उघडणारा बसलेला होता. चाकांच्या खुर्चीत. पांढरेशुभ्र केस, ताठ मान, नाकावर जाड चष्मा. आणि मांडीवर ती जांभळी शाल.

“मी बघू का जरा?” तो म्हातारा म्हणाला. आवाज असा, की शेवटच्या बाकापर्यंत पोहोचावा. “इतके दिवस नुसतं ऐकतोय.”

पुढची चाकं उंबऱ्यावरून पुढे आली आणि पायरीच्या काठावर थांबली. खाली दोन पायऱ्या. “नाना!” चष्मेवाल्याने झेप घेऊन खुर्ची धरली. नानांनी पायऱ्या बघितल्या. बुटकी भिंत बघितली. दोन खुर्च्या बघितल्या, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना चाकाची खुर्ची जाईल एवढी वाट कुठेच नाही, तेही बघितलं.

“छान केलंय,” ते म्हणाले. “मी आपला इथूनच बघत जाईन.”

त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर! पण त्यांनी ते चांगलंच वाटावं म्हणून म्हटलं होतं. धाकटीचे कान, गाल, मान, सगळं पेटलं. तिला बांबूच्या मागे लपायचं होतं, पण बांबूच्या मागे माणूस लपत नाही.

आत्या खुर्चीतून उठली. “तू मला ‘दोघं’ म्हणाली होतीस,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “कोण दोघं?”

धाकटीने पायरीची एक वीट उगाचच सरळ केली.

“माप चुकलं तर मी पदरात घेते गं. पण तू विचारलंच नाहीस. आणि मला खोटं सांगितलंस.” आत्याने पर्स उचलली. “हे काम मी बघते आता. तू राहू दे.”

घरी गेल्यावर धाकटीने ताटावर बसून नुसता घास चिवडला. डोळे मिटले, की उंबऱ्यावर थांबलेली चाकं दिसायची. तिने एका माणसाला त्याच्याच घरात पाहुणा केलं होतं. आणि कशापायी? एका खुर्चीपायी, जिच्यावर तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. चष्मेवाल्याचा फोन येऊन गेला. तिने उचलला नाही. कोणत्या तोंडाने उचलणार?

पण काम आत्याने केलं, तर ती लाज कायमची तशीच अंगावर राहणार, हेही तिला कळत होतं. शेवटी सकाळी ती आत्यासमोर जाऊन उभी राहिली.

“मी विचारलं नाही, कारण मला उत्तराची भीती वाटली,” ती एका दमात म्हणाली. “घरात... बायको असेल, असं वाटलं.”

आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मग ‘हं’ म्हणाली. रागावलेलं नाही आणि हसलेलंही नाही, अशातलं. कोपऱ्यातली फक्कीची पिशवी तिने पायाने पुढे सरकवली. “आधी विचारून ये. काम कुणाचं, ते मग बघू.”

धाकटी यावेळी समोरच्या दाराने गेली आणि घंटा वाजवली. दार चष्मेवाल्याने उघडलं. दुकानात जायला निघालेला, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. तिला बघून तो आधी खुलला आणि लगेच ओशाळला.

“मला नानांशी बोलायचंय,” ती म्हणाली.

नाना खिडकीशी बसले होते. रेडिओ चालू होता, तो त्यांनी बंद केला. “ये पोरी. बस.”

ती बसली नाही. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी राहिली. “नाना, पडवीत... कोण कोण बसणार?”

“आत्ता विचारतेस? पेपर देऊन झाल्यावर?” नानांनी भुवया वर केल्या. “मी हेडमास्तर होतो, हे याने सांगितलं असेल. नाही? हा काहीच सांगत नाही. बरं, मला सांग, हा प्रश्न तू सोडलास का? येत नव्हता?”

“येत होता.”

“मग?”

“उत्तराची... भीती वाटत होती.”

“कसली?”

चष्मेवाला दाराशी उभा होता. तिला त्याच्याकडे बघायची छाती झाली नाही. “ती शाल,” ती म्हणाली. “मला वाटलं, ती यांच्या बायकोची आहे.”

नानांनी मांडीवरच्या शालीकडे बघितलं. मग असे हसले, की खोकल्याची उबळ आली आणि चष्मेवाला पाणी घेऊन धावला. “ही! अगं, ही मीच सेलमध्ये घेतली. दुकानात करडी वाटली होती. बाहेर उजेडात आणली तर हा रंग! मुलगा चष्मेवाला, आणि बाप असा!” त्यांनी डोळे पुसले. पण हेडमास्तर ते हेडमास्तर. पुढचा प्रश्न तयारच होता. “पण समज, असती बायको. तुला काय फरक पडत होता?”

पळून जावं, असं धाकटीला फार वाटलं. दार जवळ होतं. पण पळून ती कालच गेली होती, आणि त्याने काही निभलं नव्हतं.

“पडला असता,” ती म्हणाली. “कारण मला... हे आवडतात. मी पडवी तुमच्यासाठी आखलीच नाही, नाना. माझ्यासाठी आखली. त्या दोन खुर्च्यांतली एक माझी होती. मला कुणी बस म्हटलं नव्हतं, आणि मी तुमच्या जागेवर जाऊन बसले. मला इतकी लाज वाटतेय, की...” तिचा चष्मा धूसर झाला.

चष्मेवाल्याने खिशातून फडकं काढलं, पण दिलं नाही. ते मुठीत चुरगाळत राहिला.

“लाज मला वाटायला हवी,” तो म्हणाला. “तुम्ही आलात की मी दार ओढून घ्यायचो. नाना म्हणायचे, या खुर्चीत मला परक्यासमोर नको. मला ते सोयीचं होतं. नानांचं ऐकतोय, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मलाच भीती होती, की तुम्हाला कळलं... तर तुमचं येणं कामापुरतं होईल. माझ्या बापाला मी दाराआड ठेवलं. पावसाच्या दिवशी त्यांचा तांब्या पडला, तेव्हा मी तुमच्याशी हसत होतो.”

“वा!” नाना म्हणाले, पण आवाज मऊ होता. “आणि मी? आयुष्यभर हजार पोरांसमोर ताठ उभा राहिलो, आणि एका पोरीसमोर बसलेला दिसायला लाजलो. आपण तिघंही बाकावर उभं करण्याच्या लायकीचे. मी सोडून. मला उभं राहता येत नाही.”

धाकटीला रडता रडता हसू फुटलं. तेव्हा कुठे चष्मेवाल्याला मुठीतलं फडकं आठवलं.

“चला,” नाना म्हणाले. “सोडलेला प्रश्न सोडवा. घ्या ती पिशवी.”

मागच्या अंगणात तिने कालच्या विटा आधी उचलल्या. पायऱ्या गेल्या, बुटकी भिंत गेली. उंबऱ्यापासून सरळ, एका पातळीत दोरी ताणली. जमीन तिथवर भरून घ्यायची होती. वेलाचा खांब वाटेत येत होता, तो तिने कडेला नेला. चष्मेवाल्याने दुकान उघडायचा विषयच काढला नाही. तो दोरीचं टोक धरून उभा होता. नाना उंबऱ्यात बसून, हात वर करून, “अजून डावीकडे... तुझं नाही, माझं डावं!” असं ओरडत होते आणि चेहऱ्यावरून दहा वर्षांनी लहान झाले होते. बँकवाले काका कप घेऊन भिंतीशी आलेच होते.

“आज बरोबर घरात आहात ना?” त्यांनी विचारलं.

“आहे,” धाकटी म्हणाली आणि पुन्हा लाल झाली.

चारही बांबू उभे राहिले. तिने हात झटकले आणि नानांसमोर उभी राहिली. आवाज शक्य तितका कामाचा केला. “कोण कोण बसणार?”

“मी एक. माझी खुर्ची ऐसपैस, तिला वळायला जागा दे. हा दुसरा. झाले दोन.”

तिने मान डोलावली. रेघ मारायला वाकली.

“नाना,” चष्मेवाला म्हणाला. “दोन नाही.”

“मग किती?”

“तीन... बहुतेक.”

“बहुतेक हे उत्तर नसतं. तिसरं कोण?”

त्याच्या हातातली दोरी सैल पडली. “ते... त्यांना विचारायचं राहिलंय.”

“मग विचार की! तूही प्रश्नच सोडत बसणार का?”

चष्मेवाला दोन पावलं पुढे आला. फक्कीची ताजी रेघ त्याने तुडवली, बूट पांढरे झाले, तरी त्याला कळलं नाही. भिंतीपलीकडे काकांचा कप ओठांपाशी तसाच थांबला.

“तू...” तो म्हणाला. पहिल्यांदाच तू. त्याचं त्यालाच ते ऐकू आलं आणि हनुवटीपर्यंत रंग चढला. “तू बसशील?”

धाकटीने मान खाली घातली, तशीच बाहेरच्या बाजूला गेली, कडेचे दोन्ही बांबू एकामागून एक उपटले आणि आणखी एक खुर्ची मावेल इतके पुढे नेऊन रोवले. चादर कमी पडली. पडू दे. पत्रा मापाने कापून आणता येतो.

मग तिने पिशवीतली फक्की मुठीत घेतली आणि नवी रेघ मारली. रेघ काही सरळ आली नाही. आत्या बघायला येईल, तेव्हा त्यावर बोलेलच.